वरचा थर

"घरात चाकू आहे का? धार असलेला," मुलाणी मॅडमनी विचारलं.

मी खिशातला दिला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये असताना वायरी सोलायला वापरायचो तोच. त्यांनी बोटावर धार पाहिली, पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, कापसाने पातं पुसलं आणि कोपऱ्यातल्या कुंडीतली एक वाळलेली फांदी बुडापासून कापली. मग ती वरपासून खालपर्यंत मधोमध चिरली आणि दोन्ही भाग माझ्यासमोर धरले.

"बघा."

फांदी आतून पांढरट हिरवी असायला हवी. अर्धी तशी होती. दुसरी अर्धी, एकाच बाजूने, चहा सांडल्यासारखी तपकिरी झाली होती. डाग वरून निघून खाली बुडाकडे उतरत गेला होता.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या.

मला बरं वाटलं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, म्हणून सांगतो. झाडं मरत होती, आणि बुरशी आहे हे ऐकून मला बरं वाटलं.

शालनला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. ही ब्लूबेरीची झाडं तिची. पाचगणीच्या खालच्या अंगाला उतारावर आमची थोडी जमीन आहे. तिथे तिने जाळी मारून घेतली आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत एकशे ऐंशी रोपं लावली. मी तेव्हा नोकरीत होतो. दिवसभर डेपोत इंजिनं खोलायची, संध्याकाळी घरी यायचं आणि ती सांगेल ते ऐकायचं. ही झाडं साध्या मातीत येत नाहीत, त्यांना आंबट माती लागते, म्हणून नारळाच्या भुशात लावतात, पाण्यातही थोडं आम्ल घालतात, एवढं मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. रिटायर झालो तेव्हा तिने माझ्या हातात पाण्याचा पाइप दिला. छाटणीची कात्री मात्र कधी दिली नाही. "तुम्ही नट पिळल्यागत फांदी पिळता," म्हणायची.

ती कार्तिकात गेली. पोटातलं दुखणं होतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पौषात झाडांची नवी पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या आणि बाकी सगळं पान पिवळं. माघात फांद्या वाळायला लागल्या. झाडाच्या पाच फांद्यांतली एकच वाळायची. तिची पानं गळून पडायची नाहीत, तपकिरी होऊन तशीच लटकत राहायची. आज बरी दिसलेली फांदी परवा गेलेली असायची. मी सकाळी मोजायचो, दुपारी पुन्हा मोजायचो. घरात बसलो की जाळीत जावंसं वाटायचं, जाळीत गेलो की घरी यावंसं वाटायचं. जेवायला बसलो तरी अर्ध्यातून उठायचो. दहा-बाराचा पाना कायम खिशात असायचा. जाळीच्या खांबांचे नट त्या दोन महिन्यांत मी इतके आवळले की दोन बोल्ट तुटले.

त्यात एक गोष्ट होती, जी फक्त मला माहीत होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. मुलीलाही नाही.

शेवटी फ्रिजच्या दारावर शालनने स्केचपेनने लिहून ठेवलेला नंबर लावला. वर लिहिलं होतं, झाडांच्या डॉक्टर. त्या डॉ. रेहाना मुलाणी. कृषी महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवायच्या. शालन त्यांच्या शिबिराला गेली होती. मी नाव सांगितलं तशा त्या म्हणाल्या, रविवारी येते.

रविवारी त्या आल्या तेव्हा आनंदाही येऊन थांबला होता. आनंदा भिलारे म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडे त्याची स्ट्रॉबेरी आहे. हा रोग आपल्या शेतात उतरेल याची त्याला धास्ती होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याने मला सरळ सांगितलं होतं. मॅडमनी आज झाडं वाचतील म्हटलं तर ठीक. नाही म्हटलं तर उद्या पिकअप आणून सगळ्या कुंड्या उचलायच्या, आणि जाळीखाली त्याच्या स्ट्रॉबेरीची रोपं तयार करायची. मी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं?

"मी म्हणलं व्हतं की न्हाई," तो मॅडमना सांगत होता, "पाणी जास्त झालंय. आमचं दाजी पाइप घिऊन उभं ऱ्हात्यात, पिंडीवर अभिषेक केल्यागत. मुळं कुजली असत्याल."

"बघू या," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक कुंडी आडवी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि आतला गोळा अलगद बाहेर ओढला. मुळं फिकट तपकिरी, केसासारखी बारीक, जाळ्यासारखी पसरलेली. त्यांनी गोळा नाकाशी नेला, मग आनंदाच्या नाकाशी नेला.

"वास येतोय?"

"न्हाई."

"कुजलेली मुळं काळी पडतात आणि घाण वास येतो. पाण्याने काही झालेलं नाही."

आनंदा माझ्याकडे बघून म्हणाला, "सुटलासा, दाजी."

मी हसलो नाही. पाना खिशात फिरवत होतो.

मॅडम ओळीओळीने फिरल्या. प्रत्येक वाळलेली फांदी कापायची, चिरायची, बघायची. दर वेळी पातं स्पिरिटने पुसायचं. मी मागोमाग प्लास्टिकच्या पिशव्या धरून. चिरलेले तुकडे त्या पिशवीत घालायच्या आणि वर कुंडीचा नंबर लिहायच्या. वाळकी फांदी असलेली एकतीस झाडं निघाली. सगळ्यांत तोच डाग, एकाच बाजूने उतरलेला, आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात छाटणीच्या जुन्या जखमेपासून.

"छाटणी कधी झाली होती?"

"ज्येष्ठात. शालननेच केली."

"जखम ओली असताना बुरशी तिथून आत शिरते. मग लाकडातून खाली खाली जात राहते. वर्षभरसुद्धा आत असू शकते. बाहेरून झाड छान दिसतं, फळंही देतं. फांदी वाळते तेव्हा कळतं, आणि तोवर ती बरीच आत गेलेली असते."

डेपोत माझं नाव होतं. गाडी गेटातून आत येतानाच आवाजावरून मी सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय. शालन सगळं वर्ष माझ्या शेजारी झोपत होती.

मॅडम हातातल्या फांदीकडेच बघत पुढे बोलल्या. "पार्टे भाऊ, श्रावणात त्यांचा मला फोन आला होता. म्हणाल्या, मॅडम, एका झाडाची एकच फांदी उभी वाळलीय, पानं गळत नाहीत, हे काय असेल? मी म्हटलं, येऊन बघते. मग परीक्षा आल्या, मग दिवाळी आली. त्यांनी परत फोन केला नाही."

"श्रावणात ती दवाखान्यातच होती जास्त करून," मी म्हटलं.

"मला माहीत नव्हतं."

"मलाही तिने फांदीचं सांगितलं नाही."

आनंदा पुढे झाला. त्याला गप्प उभं राहणं जमत नाही. "मंजे आता वाचत्याल का न्हाई, एवढं सांगा मॅडम. मला पिकअपवाल्याला कळवायचंय."

त्या म्हणाल्या, फांदी कापायची, पण डाग संपतो तिथे नाही, त्याच्याही खाली वीतभर, अगदी स्वच्छ लाकूड लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची, नाहीतर कात्रीच बुरशी पुढच्या झाडाला नेऊन देते. कापलेलं सगळं जाळून टाकायचं. तुकडे त्या प्रयोगशाळेत वाढवून बघतील, आठ दिवसांनी फोन करतील, पण तोवर थांबू नका. काही झाडं जातील. बरीच राहतील.

"मग पिकअप नको," आनंदा म्हणाला. जरा हिरमुसला, पण म्हणाला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे झालं वाळण्याचं. पिवळेपणा बुरशीचा नाही. तो एकतीस झाडांवर नाही, एकशे ऐंशीवर आहे."

माझ्या हातातला पाना थांबला.

त्यांनी एका कुंडीतला चमचाभर भुसा कपात घेतला, बाटलीतलं पाणी घातलं, ढवळलं आणि त्यात पेनाएवढं एक यंत्र बुडवलं. मातीचा आंबटपणा मोजतात त्या आकड्याला सामू म्हणतात. आकडा जितका कमी तितकी माती आंबट. शालन दर सोमवारी मोजून वहीत लिहायची. तिच्या वहीत साडेचार, पाच, पावणेपाच, असं असायचं. मॅडमच्या यंत्रावर सात पॉइंट दोन आले. त्यांनी दुसरी कुंडी घेतली. सात. तिसरी. सात पॉइंट एक.

"अशा मातीत ब्लूबेरी म्हणजे ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं," त्या म्हणाल्या. "अन्न आहे, पण झाडाला घेता येत नाही. म्हणून नवं पान पिवळं. आणि अशक्त झाडावर बुरशी जोर करते. पार्टे भाऊ, या कुंड्यांत काय टाकलंत?"

"काही नाही. नेहमीचं खत."

त्यांनी कुंडीतला वरचा भुसा चिमटीत घेतला आणि अंगठ्याने तळहातावर चोळला. राखाडी रेघ उठली. त्यात कोळशाचा एक बारीक खडा होता. त्यांनी तो नखाने बाजूला केला.

"राख आहे ही. चुलीची का?"

"हो," मी म्हणालो. "चुलीची."

"चूल कुठाय तुमच्या घरात, दाजी?" आनंदा म्हणाला. "गॅस हाय की."

"बंबातली. पाणी तापवायच्या."

"बंब तर आक्का आजारी पडल्यापासनं..." तो म्हणायला लागला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

मॅडमना आमच्यातलं काही कळलं नसावं. त्या समजुतीने म्हणाल्या की टाकणाऱ्याने चांगल्या मनानेच टाकली असणार, वांग्याला, मिरचीला टाकतात तशी. फक्त या झाडाला ती चालत नाही. उपाय आहे. सगळ्या कुंड्यांचा वरचा तीन बोटं थर खरवडून काढायचा, नवा भुसा भरायचा आणि आम्ल घातलेलं पाणी भरपूर सोडून खालून निथळू द्यायचं.

"काढलेलं कुठे टाकायचं?" मी विचारलं.

"टाका उकिरड्यावर."

मी विचारलं, वरचा थर तसाच ठेवून नुसतं आम्लाचं पाणी दिलं तर? त्या म्हणाल्या, राख हळूहळू विरघळत राहील आणि सामू परत वर येत राहील. पावसाळ्यापर्यंत निम्मी झाडं जातील. मी विचारलं, अर्धा थर काढला तर? त्यांनी चष्मा वर केला.

"पण ठेवायचाय कशाला तो?"

मी म्हटलं, चहा घेऊ या.

बांधावर करवंदाची एक मोठी जाळी आहे. तिच्या सावलीत दोन दगड आहेत. मॅडमना तिथे बसवलं आणि घरातून चहा आणला. जाळीला पांढरी फुलं आली होती, वास सुटला होता. मॅडम म्हणाल्या, इतकी जुनी जाळी बघितली नव्हती. मी म्हटलं, शालन लग्न होऊन आली तेव्हाही एवढीच होती. मी काही फार बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी थांबलो की मॅडम परत राखेचं विचारतील असं वाटायचं, म्हणून बोलत राहिलो. सांगितलं की वैशाखात ती इथे उभी राहून करवंदं खायची. पन्नाशी उलटली तरी लहान पोरींसारखं करवंद बोटांत धरून मला विचारायची, कोंबडा की कोंबडी? लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मी दर वेळी म्हणायचो, बघितल्याशिवाय कसं सांगू? ती म्हणायची, "बघून कुणीबी सांगंल." आणि फोडून खाऊन टाकायची.

मॅडम हसल्या. "आमच्याकडेही हाच खेळ होता."

चहा संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं, आनंदा आमच्यात नाही. काम समोर दिसलं की त्याला चहा थंड होईपर्यंतही थांबवत नाही. मी कुंड्यांवरच्या जाळीकडे बघितलं तर तो खुरपं आणि घमेलं घेऊन पहिल्या ओळीत बसला होता. चार कुंड्या खरवडून झाल्या होत्या. मी उठेपर्यंत पाचवी झाली. त्याने घमेलं खांद्यावर घेतलं आणि उकिरड्याच्या दिशेने निघाला.

मी धावलो. त्या वयात, त्या उतारावर. उकिरड्याच्या कडेला त्याला गाठलं आणि घमेल्याची कड धरली.

"काय झालं दाजी?"

"खाली ठेव."

"अहो, मॅडम म्हणल्या..."

"आनंदा," मी म्हणालो, "ती शालन आहे."

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. घमेलं त्याने खांद्यावरून दोन्ही हातांनी उतरवलं, अगदी हळू, आणि जमिनीवर न ठेवता तसंच धरून उभा राहिला.

मॅडमही मागोमाग आल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी सगळं सांगितलं. आता सांगायचं थांबताही येत नव्हतं. सावडायच्या दिवशी वाईला कृष्णेच्या घाटावर अस्थी आनंदाने आणि माझ्या मुलीने सोडल्या, ते खरं. राखेचं पोतं पिकअपमध्ये होतं. ते सोडायला मी एकटा गेलो. घाटाच्या खालच्या पायरीवर उभा राहिलो, पोत्याची दोरी सोडली, आणि परत बांधली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिला मुलीचंही नाव पटकन आठवत नव्हतं, पण झाडांना पाणी कुणी घातलं ते रोज विचारायची. मी पोतं परत आणून सीटखाली ठेवलं. घरच्यांना सांगितलं, सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर एकेका कुंडीत एकेक मूठ घातली. शेवटच्या ओळीला कमी पडायला लागली, तेव्हा पहिल्या कुंड्यांतून चिमूट चिमूट परत काढून तिकडे नेली. सगळीकडे सारखी व्हायला पाहिजे असं मला वाटलं होतं.

"राख आंबटपणा मारते हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मॅडमनी विचारलं. आवाजात दोष नव्हता.

"तिला माहीत असणार. तिला विचारायचं राहिलं."

आनंदा अजून घमेलं धरूनच होता. त्याने एक पाय वर केला, चप्पल काढली, मग दुसरी काढली.

"मंजे तीन महिनं मी तिच्यात चपला घालून फिरतोय," तो म्हणाला.

मी घमेल्याच्या कडेला आलेला भुसा बोटाने आत लोटला.

"मला सांगायचं व्हतं. भाऊ हाय मी तिचा."

"तू उचलून नदीत नेली असतीस."

"नेलीच असती." त्याने घमेलं छातीशी घेतलं. मग त्याचा आवाज चढला. "आन् दाजी, हितंच का? हे फळ आक्काला आवडायचं तरी का? पिकलंय का बघायला एक तोंडात टाकायची, बास. मला म्हणायची, आनंदा, शहरातल्या लोकांनी करवंद बघितलं न्हाई, म्हणून ह्याला पैसं देत्यात."

"झाडं तिची होती."

"धंदा व्हता तो. त्यात तिनं जीव वतला, व्हय, पण धंदा व्हता." त्याने मानेने बांधाकडे दाखवलं. "तिचं झाड ते."

मी करवंदाच्या जाळीकडे बघितलं. पस्तीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो आणि हे मला तिच्या भावाने सांगावं लागलं. राग आला. पण तो खरं बोलत होता.

"मॅडम," मी विचारलं, "करवंदाला राख चालते का?"

"करवंदाला काहीही चालतं," त्या म्हणाल्या. "खडकात येतं ते."

मग त्यांनी बूट काढले आणि कुंड्यांवरच्या जाळीच्या दारात, आनंदाने आणून ठेवलेल्या चपलांशेजारी ठेवले. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही कशाला, तुम्हाला घाट उतरून साताऱ्याला जायचंय. त्या म्हणाल्या, श्रावणात यायचं होतं, तेव्हा आले नाही. आणि पहिल्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

खुरपं आम्ही वापरलं नाही. हातांनी काढलं. तीन बोटं थर, कुंडीच्या कडेपासून आत, मुळांना धक्का न लावता. आनंदा घमेली नेत होता, करवंदाच्या जाळीच्या बुडाशी रिकामी करत होता. काटे लागून त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे आले. सकाळपासून ज्याचं तोंड बंद झालं नव्हतं तो माणूस चार तास एक शब्द बोलला नाही. मी मात्र प्रत्येक कुंडीशी थांबत होतो. भुसा काढला तरी बोटांना थोडं लागून राहायचं. ते झटकावं की नाही, कळत नव्हतं. शेवटच्या ओळीत मॅडम माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "पार्टे भाऊ, सगळं निघणार नाही. थोडं राहील. तेवढं झाडाला चालतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यानंतर मला भरभर काम करता आलं.

सूर्य डोंगराआड जाताना एकशे ऐंशी कुंड्या झाल्या. मॅडमनी नळाखाली हात धुतले, फांद्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या मोजून घेतल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शालनची कात्री हातात घेतली. एकतीस झाडं. प्रत्येक काप स्वच्छ लाकडापर्यंत, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटमध्ये. नट पिळल्यासारखी फांदी पिळली नाही. आनंदा फांद्या गोळा करत होता. त्याच्यासमोर दोन झाडं मला जमिनीपर्यंत कापावी लागली, तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. दुपारी ओढ्याकडेला खड्ड्यात सगळं जाळलं. विझल्यावर त्याने काठीने राख उकरली आणि माझ्याकडे बघितलं.

"दाजी, आता ही कुठं टाकू?"

"उकिरड्यावर."

"नक्की न्हवं? न्हाई, इचारल्यालं बरं."

कार्तिकानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. तोही हसला, आणि मग बराच वेळ त्याने टॉवेल तोंडावरून काढला नाही.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. तुकड्यांतून काळसर कापसासारखी बुरशी वाढली होती, त्यांचा अंदाज बरोबर होता. नाव त्यांनी सांगितलं, बोट्रिओस्फेरिया. मी ते शालनच्या वहीत लिहिलं, तिने श्रावणात जिथे लिहिणं थांबवलं होतं तिथे. खाली त्या दिवशीचा सामू लिहिला. सहाच्या थोडा खाली आला होता. नंतरच्या सोमवारी पाच पॉइंट सहा. एकतीसांतली बारा झाडं गेली. बाकीची राहिली, आणि पावसानंतर नवी पानं हिरवी आली.

पण त्याआधी वैशाख आला.

एके दिवशी सकाळी मी पाणी देत होतो. आनंदा ओढा ओलांडून वर आला. जाळीत आला नाही, बांधावर करवंदांपाशी जाऊन उभा राहिला. चपला खाली सोडून आला होता. करवंदं काळी झाली होती, त्या वर्षी जरा जास्तच लगडली होती. त्याने हात लावला नाही. मी पाइप बंद केला आणि त्याच्याशेजारी जाऊन थांबलो. आम्ही दोघंही बघत होतो. खायची की नाही, हे कुणी आधी बोलावं ते कळत नव्हतं.

शेवटी त्याने एक तोडलं. देठाला पांढरा चीक आला, तो अंगठ्याने पुसला. करवंद दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं.

"सांगा. कोंबडा का कोंबडी?"

बघितल्याशिवाय कसं सांगू, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"कोंबडा," मी म्हणालो.

त्याने दाताने अर्धं तोडलं आणि उरलेलं तळहातावर ठेवून दाखवलं. आतून पांढरं होतं.

"कोंबडी," तो म्हणाला, आणि दुसरं तोडून पुढे धरलं. "आता सांगा."